साडूची गाळणी

रेडिओ क्लबात त्या चष्म्याच्या दुकानदाराला सगळे कानसेन म्हणत. हे नाव क्लबाच्या अध्यक्षांनी दिलं होतं आणि त्याने ते इतकं मनावर घेतलं होतं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर वळून बघायला त्याला जरा उशीरच व्हायचा.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो विचारायचा, "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" दुकानाचं शटर खाली ओढलं की मागच्या जिन्याने वरच्या खोलीत जायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि खरखरीत बुडी मारायचा. सरकारी परवाना काढून, स्वतःचा संच घेऊन, गच्चीवर तार ताणून दूरदूरच्या माणसांशी बोलत बसणारी जी हौशी मंडळी असतात, त्यांतला तो जुना गडी. त्याने सुरुवात केली तेव्हा हवा शांत होती. पुढे घरोघरी मोबाइलचे चार्जर आले, नवे दिवे आले, लिफ्ट आल्या, आणि त्या प्रत्येकाने हवेत आपापली खरखर ओतायला सुरुवात केली. चार्जरची शिट्टी बारीक, लिफ्टचा आवाज कढईत काहीतरी तळल्यासारखा. या सगळ्या गदारोळातून एखादा मुंगीच्या पावलांएवढा आवाज येत असायचा. क्लबातले बाकीचे हात वर करायचे. कानसेन डोळे मिटून, हनुवटी उचलून बसायचा आणि सांगायचा, "बाई आहे. दमलेली वाटते. वाऱ्याबद्दल बोलतेय." पुढे ती खरंच बाई निघायची, आणि वाऱ्याबद्दलच बोलत असायची.

त्याचा खरा अभिमान होता तो बेटवाला. हा एका लांबच्या, उजाड बेटावरच्या हवामान केंद्रात एकटा नोकरी करायचा. सकाळ-संध्याकाळ वारा मोजायचा, पाऊस मोजायचा, आकडे पाठवून द्यायचा आणि रविवारी सकाळी स्वतःच्या छोट्या संचावर हौसेने बोलायला यायचा. सूर्यावर भरणारी बॅटरी आणि तिच्यावर चालणारा दुबळा संच. त्याचा आवाज शहरापर्यंत यायचा तो धापा टाकतच. क्लबात तो फक्त कानसेनला ऐकू यायचा, त्यामुळे तो कानसेनचाच होता. "आमच्या बेटवाल्याकडे यंदा वारा फार आहे," असं तो दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा चढवता चढवता सांगायचा. बायकोला तर त्या घरातली खडानखडा माहिती होती. बेटवाल्याची लेक लग्न होऊन गेली होती, तिच्या सासूला संधिवात होता आणि ती विहीण हल्ली बेटवाल्याच्या गावातल्या घरी येऊन राहिली होती. दर रविवारी कानसेन न चुकता विचारायचा, "विहीणबाई कशा आहेत?" आणि तिकडून काहीतरी बरं उत्तर यायचं.

अशा सुखात तो असताना साडू रेडिओत शिरला.

साडू म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. गोरागोमटा, हसरा, कुठल्याही कामाला नाही न म्हणणारा, आणि म्हणूनच कानसेनला तो पहिल्यापासून थोडा जड जायचा. त्याला रेडिओ शिकवा, असा आग्रह कानसेनच्या बायकोनेच धरला होता. "अहो, त्यांना एवढी हौस आहे तर शिकवा की. घरातलाच माणूस आहे." कानसेनने शिकवलं. मनात म्हणाला, शिकेल थोडंफार आणि सोडून देईल. पण डॉक्टर परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला, पुढच्याच गल्लीत त्याच्या गच्चीवर तार चढली आणि काही महिन्यांनी एका शनिवारी त्याचा फोन आला.

"दादा, उद्या सकाळी या ना. एक गंमत दाखवायचीय. ताईंनाही आणा."

गंमत म्हणजे वहीएवढी एक काळी पेटी होती. संच आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायची. कानसेनने अशा पेट्यांबद्दल वाचलं होतं आणि वाचून नाक मुरडलं होतं. पेटीतली चिप येणाऱ्या आवाजाचे आकडे करते, त्यात माणसाचं बोलणं कुठलं आणि नुसता गोंगाट कुठला हे काही क्षणांत ओळखते, गोंगाट वजा करते आणि उरलेल्याचा परत आवाज करून देते.

डॉक्टरने आधी पेटी बंद ठेवली. खोलीभर खरखर. तिच्या तळाशी कुठेतरी बेटवाला होता. कानसेनने सवयीने डोळे मिटले, हनुवटी उचलली आणि बायकोकडे वळून म्हणाला, "आला. ऐकतेस का?" तिने मान हलवली. तिला काही येत नव्हतं.

डॉक्टरने बटण दाबलं.

खरखर गेली. भर बाजारातून कुणी हात धरून आत घ्यावं आणि दार लावून टाकावं, तशी गेली. आणि त्या रिकाम्या शांततेत एक माणूस बोलत होता. आवाज जरा पाण्याखालून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळत होता. कानसेनच्या बायकोला कळत होता, मेव्हणीला कळत होता, दारात उभ्या असलेल्या दूधवाल्यालाही कळत होता.

"अगबाई, हे होय तुमचे बेटवाले," बायको म्हणाली. "किती छान आवाज आहे त्यांचा."

कानसेनला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं जे फक्त त्याच्या कानात होतं, ते आता दूधवाला ऐकत होता. वर डॉक्टरने माइक त्याच्यापुढे केला; बोलताना त्याचं बटण दाबून धरायचं, ऐकताना सोडायचं. "बोला ना दादा, तुमचा दोस्त आहे."

कानसेनने घसा साफ केला. "सुप्रभात. विहीणबाई कशा आहेत?"

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग उत्तर आलं, स्वच्छ, सगळ्यांच्या देखत. "बहीण बरी आहे. गुडघे दुखतात अजून. पण तुम्ही काय म्हणालात? विहीण? माझं लग्नच झालेलं नाही."

मेव्हणी तोंडाला पदर लावून आत गेली. बायकोला तेवढंही सुचलं नाही. घरी येताना रस्त्यात ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला तुम्ही विहीण चिकटवून ठेवलीत? मग लेक? तिचं लग्न?"

"खरखरीत एखादा शब्द इकडचा तिकडे होतो," कानसेन म्हणाला.

"एखादा?" एवढंच म्हणून ती पुढे चालू लागली.

त्या दिवसापासून कानसेनच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. त्याने पेटीचं नाव चहाची गाळणी ठेवलं. क्लबात तो म्हणायचा, "गाळणीने ऐकायचं तर टेलिफोनच करावा की. त्याला रेडिओ कशाला?" पूर्वी यावर चार माना डोलल्या असत्या. आता अध्यक्षच म्हणाले, "कानसेन, मी मागवलीय एक. वयाबरोबर कान जातातच हो." आणि डॉक्टरभोवती कोंडाळं करून लोक पेटीच्या जोडणीबद्दल विचारू लागले. डॉक्टर प्रत्येकाला सांगायचा, "मला सगळं दादांनी शिकवलं." त्याच्या या चांगुलपणाने कानसेनच्या अंगाचा अधिकच तिळपापड व्हायचा. तो वाईट वागला असता तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

एकदा डॉक्टरकडे बसला असताना, डॉक्टर आत चहा सांगायला गेला तेवढ्यात कानसेनने पेटीचं बटण गच्च शेवटपर्यंत फिरवलं. तसं केलं की पेटी गोंगाटाबरोबर बोलण्याचेही लचके तोडते. घरी जाऊन तो स्वतःच्या संचावर कान लावून बसला, की डॉक्टर आता अडखळेल, "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" म्हणेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरच दुकानात येऊन म्हणाला, "दादा, बटण शेवटपर्यंत नेलं तर मजा येते हो. सगळे बेडकासारखे बोलतात. तुम्ही करून पाहिलंत ना?" कानसेन एक चष्मा पुसत राहिला. त्याची काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मग एका रविवारी दोन्ही कुटुंबं जेवायला एकत्र बसली असताना डॉक्टर सहज बोलून गेला, "बेटवाल्यांना बोलताना त्रास होतो, नाही? पहिल्या अक्षरालाच अडकतात. ब ब ब करत राहतात, मग माइकचं बटण सोडून देतात, दम घेतात आणि परत सुरू करतात. तुमच्या तर लक्षात आलंच असेल इतक्या वर्षांत."

कानसेनचा घास हातातच राहिला. बेटवाला मध्येच नाहीसा होतो हे त्याला ठाऊक होतं. त्याला ती हवेतली लाट वाटायची. दुबळा आवाज असा वरखाली होतोच, थोडं थांबलं की परत येतो, म्हणून तो माइकवर "लाट येऊ दे, सावकाश" म्हणायचा आणि थांबायचा. आणि सुरुवातीचं ते तुटक तुटक वाजणं त्याने खरखरीत जमा केलं होतं.

"हो, हो," तो म्हणाला. "केव्हाच आलं होतं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पानात काहीतरी वाढलं.

डॉक्टर आता दर रविवारी बेटवाल्याशी बोलायचा. कानसेन आपल्या खोलीत बसून ऐकायचा, म्हणजे जेवढं येईल तेवढं ऐकायचा. डॉक्टरचा आवाज पुढच्याच गल्लीतून येत असल्याने तो ठणठणीत यायचा. बेटवाला काही बोले, मग गप्प होई, आणि त्या फटीत लगेच डॉक्टर. "बॅरोमीटर म्हणताय ना? हां, बॅरोमीटर." "बोट आली नाही का?" "बहिणीकडे जाणार असाल सुट्टीत." डॉक्टरच्या धंद्यातच हे होतं. समोरच्या माणसाच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस असतो, तो नुसता आ आ करतो, आणि डॉक्टर त्याचं वाक्य पुरं करून देतो. लोकांना ते बरं वाटतं. इथेही तो मदतच करत होता.

पहिल्यांदा दोघं बराच वेळ बोलायचे. हळूहळू बेटवाल्याची वाक्यं आखूड होत गेली. मग नुसतं हो आणि नाही. एका रविवारी तो आलाच नाही. पुढच्याही नाही.

डॉक्टर हवालदिल झाला. "आजारी असतील का हो? बॅटरी गेली असेल?" अध्यक्षांनी हवामान खात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. माणूस ठणठणीत आहे, आकडे वेळच्या वेळी येताहेत, असं उत्तर आलं.

का येत नाही ते कानसेनला कळलं होतं. त्या सगळ्या फटी त्याने ऐकल्या होत्या. डॉक्टरला बाजूला घेऊन एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्याने सांगितलं नाही. उलट त्याला बरं वाटलं. डॉक्टरचा पडलेला चेहरा बघून त्याला रात्री चांगली झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच लाज वाटली. कारण बेटवाला डॉक्टरकडे येईनासा झाला होता तसा त्याच्याकडेही येईनासा झाला होता. रविवारी सकाळी संचापुढे बसून तो नुसती खरखर ऐकायचा. तिच्यात आता कुणीच नव्हतं.

तो दुपारी दुकान बंद करून जेवणाआधी हाका मारू लागला. केव्हातरी दुपारचा संच लावेल, या आशेवर. बरेच दिवस काही नाही. एका दुपारी उत्तर आलं. आलं एवढंच कळलं. समोरच्या इमारतीने गच्चीभर सौर पट्ट्या बसवल्या होत्या आणि ऊन तापलं की त्यांच्या यंत्राचा असा गोंगाट व्हायचा की खोलीत मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटावं. कानसेनने डोळे मिटले, हनुवटी उचलली, हेडफोन कानांवर दाबून धरले. काही नाही. एक शब्द नाही. कान त्याचे होते तेच होते, पण ते आता पुरत नव्हते.

"थांबा," तो माइकमध्ये म्हणाला. "जाऊ नका. अर्ध्या तासात परत हाक मारतो."

आणि तो पायात चप्पल सरकवून डॉक्टरच्या दवाखान्यात गेला. खुर्चीत एक बाई आ करून पडल्या होत्या. डॉक्टर त्यांना सांगत होता, "डाव्या बाजूने चावता येत नाही, बरोबर?" बाई आ आ करत होत्या.

"डॉक्टर, ती पेटी हवी होती," कानसेन म्हणाला. हे चार शब्द म्हणायला त्याला दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा जास्त दम लागला. "बेटवाला आलाय. मला ऐकू येत नाही."

डॉक्टरने काहीच विचारलं नाही. बाईंच्या दातात औषध भरलं, ते बसायला वेळ लागेल, तोवर पडून राहा असं सांगितलं आणि अंगातला पांढरा कोट न काढता घरी जाऊन पेटी घेतली. वरच्या खोलीत त्यानेच तारा जोडल्या. बटण मध्यावर ठेवलं. मोहोळ विझलं.

"मी आहे," कानसेन म्हणाला. "आता बोला."

"क क क," पलीकडून आलं. मग बटण सुटलं. डॉक्टरने तोंड उघडलं. कानसेनने हात वर करून त्याला गप्प केलं. पेटी चालू असल्याने खरखरही नव्हती, त्यामुळे माणूस आहे की गेला हेही समजत नव्हतं. नुसती पोकळी. असं थांबणं कानसेनला नवीन होतं. तो थांबला.

"कानसेन," बेटवाला म्हणाला. "तुम्ही एकटेच आहात ना? त्या डॉक्टरांना सांगू नका. म म माणूस भला आहे. पण दात काढावा तसा माझ्या तोंडातला शब्द काढून घेतो. मी एकेक शब्द कष्टाने दारापर्यंत आणतो, आणि हा तो पळवतो. आ आ आमच्या शाळेत असंच करायचे. म्हणून मी इथे आलो. इथे वाऱ्याशी कुणाला बोलावं लागत नाही." बटण सुटलं, परत लागलं. "तुम्ही कधी तसं केलं नाहीत. इतकी वर्षं. तुम्ही म्हणायचात, लाट येऊ दे, सावकाश. मला कळायचं, माझी लाज राखायला म्हणताय. असा माणूस मला द द दुसरा भेटला नाही."

डॉक्टर पांढऱ्या कोटात भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

इतके महिने कानसेनला हेच तर हवं होतं. साडूच्या समोर, साडूच्याच पेटीतून, स्वच्छ आवाजात. पण ते मिळालं आणि घेता येईना. हे कौतुक त्याचं नव्हतं, खरखरीचं होतं. त्याने माइक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"डॉक्टर इथेच उभे आहेत," तो म्हणाला. "पेटी त्यांची आहे. तिच्याशिवाय मला आज तुमचा एक शब्द आला नसता. आणि तुम्ही म्हणता तसं काही नाही. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, खरोखरच लाट खाली गेली. मला तुमचं धड ऐकूच येत नव्हतं हो. मी बहिणीची विहीण केली, तुम्हाला एक मुलगी दिली, तिचं लग्न लावलं. मी कुठला तुमची लाज राखणार?"

बटण सोडलं. पलीकडे काही नाही. दोघं साडू त्या काळ्या पेटीकडे बघत उभे राहिले. डॉक्टरच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तो ते बोलला नाही.

मग हसू आलं. आधी बारीक, मग मोठं, मग आवरता आवरेना. बेटवाला हसत होता आणि हसताना तो कुठेही अडखळत नव्हता. पेटीला मात्र ते हसू ओळखता येईना. तिने त्यातलं निम्मं गोंगाट समजून गाळून टाकलं, आणि डॉक्टरने घाईघाईने बटण मागे फिरवलं.

"मुलीचं नाव काय ठेवलं होतंत?" शेवटी बेटवाल्याने विचारलं.

"ते विचारायचं राहून गेलं," कानसेन म्हणाला.

मग डॉक्टरने माइक मागितला. "मी चुकलो," एवढंच म्हणाला आणि बटण सोडून दिलं. उत्तर यायला वेळ लागला. त्याने तो लागू दिला. मान खाली घालून, हातांची घडी घालून उभा राहिला, आणि त्याला ते किती जड जात होतं हे कानसेनला दिसत होतं.

बेटवाला परत येऊ लागला. डॉक्टरने पेटी कानसेनकडेच ठेवली. "माझ्या गल्लीत अजून तेवढा गोंगाट नाही, तुमच्याकडे जास्त गरज आहे," म्हणाला. कानसेनने तीनदा नको म्हणून ती ठेवून घेतली आणि बटण अगदी खाली ठेवून वापरू लागला, जेणेकरून थोडी खरखर राहावी. डॉक्टर आता रविवारी जिना चढून त्याच्याकडेच यायचा. दोघं शेजारी बसायचे. वाट बघायला डॉक्टर इतका छान शिकला, की पुढे पुढे बेटवाला त्याच्याशीच जास्त मोकळेपणाने बोलू लागला.

पावसाळा संपल्यावर बेटवाला सुट्टीवर येणार होता. दाढ दुखत होती त्याची, केव्हापासून. डॉक्टरकडेच उतरेन म्हणाला, म्हणजे दाढेचंही बघता येईल. बोलणं संपवून कानसेन खाली आला तो दारातच उभा राहिला. बायको दळण निवडत बसली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बेटवाला येतोय. डॉक्टरांकडे राहणार आहे."

"बरं झालं की."

कानसेन तिच्या शेजारी बसला. ताटातले दोन खडे वेचले. "मला डॉक्टरांचा राग नाही हं," तो म्हणाला. "माणूस लाखात एक आहे. मला नुसता हेवा वाटतो त्याचा. वाईट वाटतं, पण वाटतो."

"ते मला धाकटीच्या लग्नापासून माहीत आहे," बायको म्हणाली आणि ताट त्याच्याकडे थोडं सरकवलं. "त्यांना एक दिवस आपल्याकडे जेवायला बोलवा. आणि त्या दिवशी डॉक्टरांना नाही बोलावलं तरी चालेल."

कानसेनने थोडा विचार केला. "नको," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही बोलवूया. उशिराने बोलवूया."